डावे हात

शाळेत तपासणीला साहेब यायचे असले की आदल्या दिवशी मी पोरांकडून दोन गोष्टी करून घेते. एक म्हणजे नखं कापणं आणि दुसरी म्हणजे हात वर करणं. नखं सगळेच शिक्षक कापून घेतात. हाताची युक्ती मात्र माझी आहे, निदान मी ती कुणाकडून शिकलेली नाही. साहेबांनी प्रश्न विचारला की वर्गातल्या प्रत्येकानं हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. साहेबांना हातांनी भरलेला वर्ग दिसतो. मी शेजारी उभी राहून 'हं, तू सांग', 'बरं, तू सांग' करत उजवेवाले तेवढे उठवते. साहेब खूश होऊन चहा घेतात. डाव्या हाताची पोरंही खूश असतात, कारण त्यांना कुणी काही विचारत नाही.

आमच्या वसमतच्या पट्ट्यात माझं बऱ्यापैकी नाव आहे. शिष्यवृत्तीची परीक्षा म्हटली की लोक जवळची शाळा सोडून लेकरं माझ्या वर्गात घालतात. मागच्या वर्षी काय आलं होतं, यंदा काय येईल, कुठला पर्याय बघायचाच नाही, हे मला तोंडपाठ असतं. परीक्षा कशी द्यायची हे मी कुणालाही शिकवू शकते. बाकी काय शिकवते, हे सांगायला गेलं तर आता मला जरा थांबावं लागतं.

माझी मुलगी चौथीत माझ्याच वर्गात होती. शाळेत मॅडम म्हणायचं आणि घरी मम्मी, हा नियम मीच घालून दिलेला. त्या वर्षी साहेबांनी नद्यांबद्दल काहीतरी विचारलं आणि तिनं प्रामाणिकपणे डावा हात वर केला. मला अपमान वाटला. घरी आल्यावर मी तिला झापलं. ती गोंधळून म्हणाली, "येत नव्हतं तर कोणता करायचा व्हता मग?" मी म्हणाले, "तुला यायला पाहिजे." त्यानंतर माझ्या वर्गात तिचा हात कधी डावा झाला नाही. रात्री जेवताना धडे म्हणायची, पण डावा होऊ दिला नाही तिनं. मी ते चारचौघांत कौतुकानं सांगायचे.

पाचवीपासून ती खो-खो खेळायला लागली. हायस्कूलच्या सरांनी तिला हेरलं आणि वर्षभरात ती संघात आली. खो मिळाला की अशी उठायची की पळणाऱ्या पोरीला मान वळवायलाही सवड मिळत नसे. तिचे वडील शेतकरी माणूस, हळद आणि सोयाबीन करणारे. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण ते सामन्याला यायचे, मैदानाच्या कडेला उकिडवे बसायचे आणि लेक पळाली की एकटेच हसायचे. मला मात्र कळायला लागलं होतं. मी मोबाइलवर सामने बघून नियम शिकले, डाव शिकले. संघ सामना हरला की परतीच्या बसमध्ये मी तिला शेजारी बसवायचे आणि विचारायचे, "कुठं चुकलं, सांग." ती सांगायची. राहिलेलं मी सांगायचे. वसमतच्या स्टँडवर उतरेपर्यंत तिच्या सगळ्या चुका मोजून झालेल्या असायच्या. जिंकलेल्या सामन्यानंतर मी खिडकीकडच्या सीटवर बसून निवांत झोपायचे.

नववीत गेल्यावर तिला सामन्याच्या सकाळी उलट्या व्हायला लागल्या. आधी वाटलं, बाहेरचं खाल्लं असेल. मग ती आदल्या दिवसापासूनच जेवेना. नखांच्या कडेचं कातडं सोलून सोलून तिची बोटं लाल झालेली असायची. वर्गावर पोरांची नखं तपासणारी मी, घरातल्या बोटांना बोरोलीन लावायला सांगून मोकळी झाले. तिचे वडील एकदा म्हणाले, "हिला काही तरी तकलीफ हाय. विचारून तर पाहा." मी म्हणाले, "खेळाडूंना होतंच तसं. ताण पाहिजेच थोडा." ताण पाहिजे हे मी कुठल्यातरी प्रशिक्षणात ऐकलं होतं.

तेवढ्यात सरांनी निरोप दिला. विभागीय स्पर्धेसाठी निवडलेल्या मुलींची हिंगोलीला मानसिक चाचणी होणार होती. कुणी समुपदेशक मॅडम येणार, मुलींशी बोलणार, आईवडिलांशीही बोलणार. एखादी मुलगी फार दबावाखाली वाटली तर तिला थोडं थांबवून आधार देणार, असं सर म्हणाले. चांगलंच होतं ते. पण त्यातला 'थांबवून' हा एकच शब्द माझ्या कानात राहिला. आणि गावातलं तर मला माहीतच होतं. आमच्याकडे चाचणी म्हणजे पास-नापास आणि मानसिक म्हणजे येडी. पोरीच्या डोक्याची तपासणी केली, एवढं एक वाक्य पारापर्यंत गेलं असतं तर पुरे होतं.

मग मी मला येतं ते केलं. कळमनुरीला माझ्या डी.एड.च्या वर्गातली एक मैत्रीण आहे. तिच्या मुलीची चाचणी आमच्या आधीच्या तुकडीत झाली होती. मी तिला फोन लावला आणि चाचणीला काय काय आलं होतं ते विचारून घेतलं. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही दोघी आयुष्यभर हेच करत आलो होतो. तिनं लेकीला फोनवर बोलावून एकेक प्रश्न आठवायला लावला, आणि लेकीनं काय उत्तर दिलं तेही सांगितलं. काही उत्तरं फार छान होती. ती मी तशीच घेतली.

आमच्या ओसरीत एक छोटा फळा आहे. शाळा सुटल्यावर मी त्यावर प्रश्न लिहायचे आणि मुलीला समोर बसवायचे. सामन्याआधी पोटात कसंतरी होतं का? झोप लागते का? हरल्यावर घरी काय होतं? मी तिला नुसती उत्तरं दिली नाहीत, युक्त्याही दिल्या. "एकदम 'कधीच नाही' म्हणायचं नाही. त्यांना संशय येतो. 'थोडी हुरहूर वाटते, पण खेळायला लागलं की जाते' असं म्हणायचं. बोलताना हसायचं. बोटं मांडीखाली ठेवायची." ती प्रत्येक उत्तर एकदा ऐकून म्हणून दाखवायची. चांगली विद्यार्थिनी होती ती. एकदाच मध्ये थांबून म्हणाली, "मॅडम, यातलं खरं काही सांगायचं न्हाई का?" घरात ती मला मॅडम म्हणाली हे माझ्या लक्षात आलं होतं. मी फळा पुसत म्हणाले, "परीक्षेत खरं-खोटं नसतं. बराबर आणि चूक असतं."

तिच्या वडिलांचीही मी तयारी घेतली. ते बैलाला पेंड घालता घालता म्हणायचे, "'आमी तिला समजून घेतो.' हेच ना? पण मला ते पाठ होऊन राहिलं न्हाई." मी चिडायचे. ते म्हणायचे, "जे हाय ते सांगू की. त्या मॅडम काय आपल्याला मारून राहिल्या का?"

हिंगोलीला आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. एका शाळेच्या सभागृहात सतरंज्या टाकल्या होत्या. समुपदेशक मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, साध्या पंजाबी ड्रेसमधल्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. मला बघताक्षणी वाटलं, हिला वर्ग सांभाळता यायचा नाही. मुली एकेक करून आत जाऊन आल्या. माझी मुलगी बाहेर आली तेव्हा मी भुवया उंचावून विचारलं. तिनं मान हलवली. सगळं आलं, असा त्याचा अर्थ होता.

मग आम्हा दोघांना बोलावलं. मॅडमनी इकडचं तिकडचं विचारलं, शेतीचं विचारलं, आणि मग म्हणाल्या, "मुलगी हरून घरी येते तेव्हा घरात काय होतं?" मी तोंड उघडायच्या आत तिचे वडील बोलून गेले. "हरली की हिची मम्मी तिच्यासंगं बोलत न्हाई. बसमधी बोलती ते चुका काढायला. घरी आल्यावर दोघीबी गप असत्या. मग मीच पोरीला ताट वाढून देतो, पण ती जेवत न्हाई."

 मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. रागानं नाही, नुसत्या पाहत होत्या. मी हसले. शिक्षक हसतात तसं, पालकांसमोर हसतात तसं. म्हणाले, "यांचा स्वभावच असा आहे, मॅडम. थट्टा करायची सवय आहे. तसं काही नसतं हो. आम्ही तिला समजून घेतो." तिचे वडील खाली मान घालून टोपी दुमडत बसले. इतक्या वर्षांच्या संसारात मी परक्या माणसासमोर त्यांना खोटं पाडलं नव्हतं.  बाहेर आल्यावर मुलीला कँटीनवर नेऊन त्यांनी केळीचे वेफर्स घेऊन दिले.

शेवटी सगळ्या मुलींना मॅडमनी सतरंजीवर गोल बसवलं. आम्ही पालक भिंतीला टेकून उभे होतो. मॅडमनी खेळीमेळीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. मटकी कुणाला आवडत नाही, पावसात खेळायला कुणाला आवडतं, असं काहीबाही. मुली हसत होत्या, हात वर करत होत्या. मग मॅडम तशाच सुरात म्हणाल्या, "सामन्याच्या आदल्या रात्री कुणाकुणाला शांत झोप लागते?"

एकमेकींकडे बघत बघत सगळ्यांनी हात वर केले. माझ्या मुलीनंही केला.

डावा.

ती माझ्याकडे पाहत होती. मॅडमकडे नाही, मैत्रिणींकडे नाही, थेट भिंतीपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे. चौथी सुटून इतकी वर्षं झाली होती. त्या हॉलमध्ये एवढी माणसं होती, त्यात शिकलेल्या मॅडम होत्या, पण त्या हाताचा अर्थ फक्त मला कळत होता. मी फळ्यावर लिहून दिलेली उत्तरं तिनं बिनचूक म्हटली होती, माझं ऐकलं होतं, आणि मग मीच शिकवलेल्या खुणेनं तिनं मला सांगितलं होतं की मला येत नाही, मम्मी, मला उठवू नको.

मी डोळे बाजूला केले. शेजारच्या बाईला मी काय विचारलं तेसुद्धा मला आठवतं. गाडी किती वाजता सुटते, असं विचारलं. पुन्हा पाहिलं तेव्हा हात खाली गेला होता आणि माझी मुलगी सतरंजीचा धागा ओढत बसली होती. मॅडमनी निघताना मला सांगितलं, "मुलगी छान बोलते तुमची. स्वतःला ओळखून आहे." मी थँक्यू म्हणाले. जाताना पायऱ्यांवर मला आनंद झाला होता. हे मी लिहायला नको, पण झाला होता.

स्पर्धा लातूरला होती. सकाळी तिला उलट्या झाल्या. मी तिला लिंबू-साखर दिली आणि म्हणाले, "खेळायला लागलं की जातं." तेच वाक्य. मीच रचलेलं वाक्य मी तिला औषध म्हणून पाजत होते.

पहिली पाळी आमच्या मुलींनी आक्रमणाची घेतली. माझी मुलगी मधल्या चौकोनात बसली होती. समोरची पळणारी पोरगी चपळ होती, पण दमत आली होती. आमच्या संघातल्या एका मुलीनं पाठलाग करत येऊन माझ्या मुलीच्या पाठीवर हात मारला आणि ओरडली, "खो." माझी मुलगी उठली नाही. त्या पोरीला वाटलं आवाज गेला नसेल. तिनं पुन्हा पाठीवर मारलं, "खो." मग पुन्हा. पळणारी पोरगी सुद्धा थांबून बघायला लागली. माझी मुलगी गुडघ्यावर हात ठेवून, मान खाली घालून बसली होती. रडत नव्हती. सर कडेवरून हाका मारत होते, संघातल्या मुली ओरडत होत्या, पंच जवळ आले. ती चौकोनातली माती बघत राहिली. शेवटी सरांनी आणि एका मुलीनं तिला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर आणलं. चालताना ती पाय उचलत होती, पण नजर कुणाला देत नव्हती.

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली, सवयीनं. माझं तोंड उघडलं होतं. खरं सांगते, 'कुठं चुकलं' हे शब्द ओठांवर आले होते. तिच्या वडिलांनी मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आता बस झालं. तू मागं ये."

नंतरचे दिवस तिनं शाळेत जाणं सोडलं नाही, घरातलं काम सोडलं नाही, फक्त बोलणं सोडलं. विचारलं तर मान हलवायची. मैदानाकडे फिरकली नाही. गावात लोक म्हणाले, नजर लागली. एक-दोघींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी काहीच केलं नाही, कारण मला काय करायचं ते माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायची तर सवयच नव्हती. तिच्या वडिलांनीच सरांकडून नंबर घेऊन समुपदेशक मॅडमना फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ते म्हणत होते, "मॅडम, आमी त्या दिशी जे सांगितलं ते खोटं व्हतं. सगळं खोटं न्हाई, पण पोरीचं खोटं व्हतं. घोकून घेतलं व्हतं. आता काय करायचं ते तुमी सांगा." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मला कमी लाज वाटली असती.

मॅडम मला एकटीला भेटल्या तेव्हा मी ऐकून घ्यायच्या तयारीनं गेले होते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या आणि कळमनुरीच्या मुलीची काही वाक्यं शब्दाला शब्द सारखी होती. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण त्या दिवशी खूप मुली होत्या आणि मीही पुढं विचारलं नाही. ते माझंही चुकलं." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला स्वतःला काही जाणवलं होतं का? तिच्या वागण्यात?"

मी म्हणाले, "नाही."

सगळं कबूल करून झालं होतं. फळा, फोन, मैत्रीण, नवऱ्याला खोटं पाडणं, सगळं मी सांगितलं होतं, रडले सुद्धा होते. फक्त तो हात तेवढा ठेवून घेतला. घोकून घेणं ही चूक म्हणता येते, अज्ञान म्हणता येतं. बघून डोळे फिरवणं याला काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी ते सांगितलं नाही.

मुलगी त्यांच्याकडे जायला लागली. तिचे वडील घेऊन जायचे, कधी मी. आत काय बोलणं व्हायचं ते मी विचारत नव्हते, तसं मला बजावलं होतं. मला मॅडमनी एकच काम दिलं होतं. लेकीला काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत थांबायचं. ऐकायला किती सोपं वाटतं. पण मी चौथीला शिकवणारी बाई. आम्ही प्रश्न विचारतो आणि उत्तराचं पहिलं अक्षर आमच्याच तोंडातून निघतं, पोरं फक्त शेवट जोडतात. "बरं वाटतंय ना?" असं मी विचारायचे आणि तो 'ना' मलाच ऐकू यायचा. मग मी 'ना' काढून टाकला. "कसं वाटतंय?" म्हणायचे आणि थांबायचे. ती भाकरी थापत राहायची. मी जीभ दातात धरून उभी राहायचे. बरेचदा उत्तर यायचंच नाही. कधी यायचं, "बरंय." एकदा आलं, "आज राग येऊन राहिला." कुणाचा, ते मी विचारलं नाही. ती पोटभर जेवायला लागली होती, बोटं भरून आली होती.

हे असं चाललेलं असताना शाळेत पुन्हा साहेब येणार असल्याचं कळलं. वाचणाऱ्याला वाटेल, या बाईनं आता ती युक्ती सोडली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण आदल्या दिवशी नखं तपासून झाली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "उद्या हात कसे करायचे, माहीत आहे ना?" पोरं एका सुरात म्हणाली, "हो, मॅडम." त्या 'ना'चं उत्तर आलंच.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी भागाकाराचं काहीतरी विचारलं. वर्ग हातांनी भरून गेला. मी सवयीनं उजवे शोधायला लागले, आणि मला दिसायला लागले डावे. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं, कारण बघायचं नाही हीच तर युक्ती होती. तांड्यावरून चालत येणारी एक बारकी पोरगी पहिल्या रांगेत होती. तिचा डावा हात कोपरात वाकला होता, उजव्या हातानं तिनं तो खालून धरला होता, आणि ती माझ्याकडे बघत होती. मला उठवू नका, म्हणत होती. मी एका उजव्याला उठवलं. त्यानं बरोबर उत्तर दिलं. साहेब म्हणाले, "तुमच्या वर्गाचं काही बघायलाच नको, मॅडम." मी चहाला गेले नाही. मुलींच्या बाथरूममागे जाऊन उभी राहिले आणि मला माझीच किळस आली.

त्या आठवड्यात आमची हळद शिजवून झाली होती. वावरात पसरून वाळायला टाकलेली, आम्ही तिघं रविवारी सकाळी निवडत बसलो होतो, लांबट हळकुंडं एकीकडे, गोल गड्डे एकीकडे. तिचे वडील पलीकडच्या टोकाला होते. आम्ही दोघी जवळ. मी काहीच विचारलं नव्हतं. तिनंच मान वर न करता बोलायला सुरुवात केली.

"मम्मी, हिंगोलीला त्या दिशी मॅडमनी झोपेचं विचारलं व्हतं. आठवतंय?"

"हो."

"मी कोणता हात वर केला व्हता, दिसलं व्हतं का तुला?"

उत्तर तयार होतं. फार दिवसांपासून तयार होतं. एवढ्या गर्दीत दिसलं नाही गं, माझं लक्ष दुसरीकडे होतं. मॅडमना दिलं होतं तसंच, आणि ते पचलंही होतं. लेकीलाही पचलं असतं. ती हातातलं हळकुंड बोटांत फिरवत थांबली होती. मला जे जमत नव्हतं ते तिला छान जमत होतं. विचारून ती गप्प बसली होती आणि माझं उत्तर मला देत नव्हती.

 हातातलं खाली ठेवलं आणि मी उजवा हात वर केला, उत्तर येतं म्हणणारा.

ती त्या पिवळ्या हाताकडे पाहत राहिली. मला तो खाली घ्यायचंही सुचत नव्हतं. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मी तरी रडेन आणि मग आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडू.

"तुला दिसलं नसंल असं मी धरून चालले व्हते," ती म्हणाली. "मॅडमलाबी मी तसंच सांगितलं. मम्मीला दिसलं असतं तर ती आली असती, असं."

तिनं आपली टोपली उचलली, वावरातून चालत पलीकडच्या टोकाला गेली आणि वडिलांच्या शेजारी हळद निवडायला बसली.